निजलेल्या घराला जागे कोण करणार?

२०२५ च्या दिवाळीत, २१ ऑक्टोबर रोजी, एकाच दिवशी दोन दुःखद वार्ता आल्या. नवी मुंबईत वाशी येथील एका बहुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यांवर मध्यरात्रीनंतर आग लागली आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत सहा वर्षांची एक बालिका होती. त्याच दिवशी आपल्या रायगड जिल्ह्यातील कामोठे येथे एका सदनिकेला लागलेल्या आगीत माय-लेकींचा अंत झाला. सणाच्या दिव्यांनी उजळलेल्या वसाहतींवर क्षणात शोककळा पसरली.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर आग कशी लागली, याची चर्चा होते. शॉर्टसर्किट, सिलिंडर, फटाके, वातानुकूलन यंत्र अशी कारणे पुढे येतात, पंचनामा होतो, आणि विषय मागे पडतो. घरातील माणसांना धोक्याची जाणीव किती वेळाने झाली आणि ती कोणी करून दिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक घरातील आग आणि घरातील विषारी वायू या दोन्ही संकटांत माणसाचे प्राण वाचणार की जाणार, हे पुष्कळदा पहिल्या चार-पाच मिनिटांत ठरते. त्या मिनिटांत जागे करणारे साधन जगातील अनेक देशांनी घरोघरी सक्तीचे केले आहे. आपल्याकडे मात्र सामान्य घरासाठी तशी सक्ती नाही. रायगडच्या किनारपट्टीवर ज्या वेगाने घरे, बंगले व पर्यटकांच्या खोल्या उभ्या राहत आहेत, तो पाहता या उणिवेचा विचार करण्याची वेळ आली आहे.

ज्वाळेआधी धूर येतो

आगीत माणसे जळून मरतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घरगुती आगींत बहुसंख्य मृत्यू धुराने होतात. गादी, फोम, पडदे, प्लास्टिक ही आजच्या घरातील सामग्री धुमसू लागली की तिच्यातून निघणारा धूर काही मिनिटांत खोली भरून टाकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो माणसाची शुद्ध हरपतो, आणि दार चार पावलांवर असूनही माणूस तेथवर पोहोचू शकत नाही.

"धुराचा वास आला की जाग येईलच," असे अनेक जण म्हणतात. हा विश्वास फसवा आहे. झोपेत माणसाचे कान बऱ्याच अंशी जागे असतात. नाक मात्र निजते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये झोपलेल्या माणसांवर प्रयोग करून दाखविले की, गाढ झोपेत उग्र वासाने माणूस भरवशाने जागा होत नाही, आवाजाने होतो. म्हणून धूरसूचक यंत्राचे, म्हणजे स्मोक अलार्मचे, काम अगदी साधे आहे. छताला लावलेली ही लहानशी डबी नाकाचे काम करते आणि कानाला हाक मारते. तीन मीटर अंतरावर सुमारे ८५ डेसिबल इतका तिचा आवाज असतो. ती आग विझवीत नाही. ती केवळ वेळ मिळवून देते. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे की, तेथील घरगुती आगींतील मृत्यूंपैकी पाचांतील सुमारे तीन मृत्यू अशा घरांत होतात, जेथे धूरसूचक नव्हता किंवा असून चालत नव्हता.

न्हाणीघरातील अदृश्य वायू

आगीत निदान धूर तरी दिसतो. कार्बन मोनॉक्साइड एकटा आला, तर काहीच दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. जळणातून निर्माण होणाऱ्या या वायूला तसा वास कोण देणार? रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी हा वायू चिकटतो. श्वास चालू असतो, परंतु मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पाय लटपटतात. पुष्कळ जण ते पित्त किंवा अशक्तपणा समजतात आणि तेथेच बसून राहतात.

आपल्याकडे या वायूचा सर्वांत मोठा घरगुती उगम म्हणजे बंद न्हाणीघरातील गॅस गीझर. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांनी अशा रुग्णांच्या नोंदी इतक्या वेळा प्रसिद्ध केल्या आहेत, की "गॅस गीझर सिंड्रोम" असे नावच या प्रकाराला पडले आहे. मार्च २०२३ मध्ये, धुळवडीनंतर, मुंबईत घाटकोपर येथे एक दांपत्य आपल्या न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. गीझरच्या वायूमुळे गुदमरून मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधील आठ पर्यटक, त्यांतील चार बालके, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून निजले ते पुन्हा उठले नाहीत. या दोन्ही घटनांत आग लागलीच नव्हती.

किनाऱ्यावरील ज्येष्ठांना तांब्याचा बंब आठवत असेल. लाकडे, करवंट्या, झावळ्या घालून त्यात अंघोळीचे पाणी तापविले जाई. तो धुरकट, डोळ्यांना पाणी आणणारा. म्हणूनच त्याची जागा परसात, पडवीत किंवा वरून उघड्या न्हाणीघरात असे. धुराच्या त्रासानेच आपल्या वाडवडिलांना सुरक्षित ठेवले होते. गॅस गीझर धूर करीत नाही, भिंत काळी करीत नाही. त्यामुळे तो निःशंकपणे आत आला. त्याच काळात कौलारू छपरांच्या जागी स्लॅब आले, लाकडी झरोक्यांच्या जागी काचेच्या सरकत्या खिडक्या आल्या, आणि डास व पाऊस यांच्या भयाने त्या बंद राहू लागल्या. लहानशा न्हाणीघरात गीझर पेटला की तो खोलीतील प्राणवायू वापरू लागतो. प्राणवायू कमी झाला की ज्योत अपुरी जळते, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. अनेक गीझरना सुमारे वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय असते. परंतु एकामागून एक चार माणसे अंघोळीस गेली की तो पुन्हा पुन्हा पेटतो. ज्योत विझल्यास गॅस बंद करणारा झडपेचा खटकाही या वायूला ओळखत नाही.

गीझर हा एकच धोका नव्हे. बाळंतिणीला शेक देण्यासाठी खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची आणि बाळाला धुरी देण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप आहे. फुललेले निखारे धूर करीत नाहीत, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतात. कौलांच्या फटींतून तो पूर्वी निघून जाई; आज वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद केलेल्या सिमेंटच्या खोलीत तो माता व बालक यांच्याभोवती साठतो. तिसरा धोका जनित्राचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. अशा वेळी जनित्र पडवीत किंवा जिन्याखाली चालविले, तर त्याचा धूर घरातच शिरतो. अमेरिकेत मोठ्या वादळांनंतर जनित्रांमुळे झालेल्या विषबाधांची नोंद तेथील आरोग्य यंत्रणेने वारंवार केली आहे. आपल्या किनाऱ्यावर वादळे पुन्हा येणार आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कायदा उंची मोजतो

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. इमारतीत आवश्यक ती अग्निसुरक्षा साधने बसविणे व ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. कोणत्या इमारतीला कोणते साधन हवे, हे ठरविताना राष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घेतला जातो. ही संहिता प्रथम १९७० मध्ये आली. तिची २०१६ ची आवृत्ती अग्निसुरक्षेचा तपशीलवार विचार करते.

या साऱ्या रचनेचा कणा म्हणजे उंची. १५ मीटर वा त्याहून उंच इमारत ती उंच इमारत, आणि जसजशी उंची वाढते तसतशी साधने वाढतात. यामागील तर्क खोटा नाही. उंचावरून माणसे उतरविणे कठीण असते. परंतु या तर्कामुळे बैठी घरे, दुमजली बंगले, तीन-चार मजल्यांच्या इमारती धूरसूचकाच्या सक्तीबाहेर राहतात. आणि घरातील कार्बन मोनॉक्साइड सूचकाची सक्ती तर कोणत्याच उंचीच्या सदनिकेला नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरील घरे बहुतेक याच वर्गातील आहेत. मांडवा, किहीम, नागाव, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन: कोठेही पाहिले तरी वस्ती बैठी वा दुमजली. शहरातील आगीत अग्निशमन दलाची गाडी काही मिनिटांत येऊ शकते. येथे ती नगरपालिकेच्या गावाहून किंवा एखाद्या कारखान्यातून, अरुंद रस्त्याने, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारींच्या रांगेतून यायची असते. मदत जितकी दूर, तितके लवकर जागे होणे अधिक मोलाचे. आपल्या नियमांत मात्र नेमके उलटे घडले आहे: जेथे मदत जवळ, तेथे सूचक अनिवार्य, जेथे मदत दूर, तेथे सूचक ऐच्छिक.

उंच इमारतींतही सारे आलबेल नाही. मुंबईतील मोठ्या आगींनंतर यंत्रणा बसविलेली होती पण बंद होती, असे वारंवार उघड झाले आहे. खोट्या इशाऱ्यांचा त्रास नको म्हणून भोंगा बंद करून ठेवलेल्या गृहनिर्माण संस्था थोड्या नाहीत. नियम कागदावर असणे आणि सूचक छतावर जागा असणे, या दोहोंतील अंतर देखभालीने भरून निघते.

इतरांनी काय केले

इंग्लंडचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे २०१५ च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या खासगी घराच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक धूरसूचक असणे बंधनकारक झाले. १ ऑक्टोबर २०२२ पासून हा नियम सामाजिक गृहनिर्माण संस्थांच्या घरांनाही लागू झाला, आणि ज्या खोलीत जळण जाळणारे कायमचे उपकरण आहे, तेथे कार्बन मोनॉक्साइड सूचकही आवश्यक ठरला. स्वयंपाकाची शेगडी तेवढी वगळली आहे. भाडेकराराच्या पहिल्या दिवशी सूचक चालतो की नाही, हे घरमालकाने तपासायचे असते, आणि कुचराई झाल्यास ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत जून २०१७ मध्ये ७२ जणांचे प्राण गेले. त्यानंतर स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांशी जोडलेले सूचक आवश्यक केले. एक वाजला की सारे वाजतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१३ मध्ये कार्बन मोनॉक्साइड सूचकांचा कायदा केला. त्याला या वायूने बळी गेलेल्या एका कुटुंबाचे नाव दिलेले आहे.

या देशांनी कायद्याची सुरुवात घराच्या उंचीपासून केली नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले. या घरात कोणी निजते काय? आणि या घरात काही जळते काय? निजणाऱ्यासाठी धूरसूचक, जळणासाठी वायुसूचक. हा मापदंड झोपडीला व महालाला सारखाच लागू पडतो. दुसरे म्हणजे, जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्यांनी निश्चित केले. जो दुसऱ्याला आपल्या छपराखाली पैसे घेऊन निजवितो, त्याने प्रथम उत्तरदायी व्हावे, हे सूत्र आपल्या किनाऱ्यालाही तंतोतंत लागू पडते.

आक्षेपांचा विचार

यावर काही रास्त आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. बॅटरीवर चालणारा साधा धूरसूचक साधारणतः एक-दोन गॅस सिलिंडरांच्या किमतीत मिळतो. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक त्याहून महाग असतो. मासेमारीवर वा मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. म्हणून सर्वांवर एकदम सक्ती करणे न्याय्य होणार नाही. परंतु गॅस गीझर बसविणाऱ्याला सूचक परवडत नाही, किंवा पर्यटकांना खोली भाड्याने देणाऱ्याला तो जड जातो, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्या स्वयंपाकाचा. मिरचीची फोडणी, सुक्या मासळीचे भाजणे, संध्याकाळचा धूप यांनी भोंगा सतत वाजेल, आणि लोक तो काढून फेकतील. हे खरे आहे. म्हणून सूचक स्वयंपाकघरात लावायचा नसतो. निजण्याच्या खोलीत आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर, छताला, तो लावावा. प्रकाशकिरणावर चालणारा प्रकार धुमसणारी आग लवकर ओळखतो आणि स्वयंपाकाच्या वाफांनी तुलनेने कमी फसतो. तिसरा आक्षेप समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेचा व किड्यांचा. त्यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा बटण दाबून तपासणे, मऊ ब्रशने धूळ काढणे, आणि यंत्रावर छापलेल्या मुदतीनंतर, जास्तीत जास्त दहा वर्षांनी, ते बदलणे.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. सूचक हा हवा खेळती ठेवण्याला पर्याय नाही. न्हाणीघरात कायम उघडा राहणारा झरोका नसेल, तर तेथे गॅस गीझर असताच कामा नये. उत्तम म्हणजे तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याची नळी यावी. सूचक ही दुसरी तटबंदी होय. पहिली तटबंदी मोकळी हवा हीच.

आपल्या किनाऱ्यावर काय करता येईल

शासनाने संपूर्ण राज्यासाठी नियम करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या दारांतून हा विषय आज आत येऊ शकतो, अशी तीन दारे दिसतात. पहिले, पर्यटन संचालनालयाच्या न्याहारी-निवास योजनेसारख्या नोंदण्या. नोंदणी देताना व तिचे नूतनीकरण करताना प्रत्येक खोलीत धूरसूचक, आणि गॅस गीझर असल्यास कार्बन मोनॉक्साइड सूचक, ही अट घालता येईल. दुसरे, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र. नव्या घराच्या न्हाणीघरात बंद न होणारा झरोका आणि निजण्याच्या खोल्यांत सूचकाची जागा नकाशातच दाखविणे कठीण नाही. तिसरे, गॅस वितरकाची नियतकालिक तपासणी. वितरकाचा माणूस शेगडी व रबरी नळी पाहतो. त्याने गीझर व झरोकाही पाहावा.

घरच्या घरी करावयाच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. खरेदी करताना तीन वेगळ्या यंत्रांची गल्लत करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या गळतीचा सूचक जमिनीजवळ लागतो. धूर वर जातो, म्हणून धूरसूचक छताला. कार्बन मोनॉक्साइड हवेत सर्वत्र मिसळतो, म्हणून त्याचा सूचक न्हाणीघराबाहेर किंवा निजण्याच्या खोलीत, श्वासाच्या उंचीवर. गळतीचा सूचक घेतला म्हणजे कार्बन मोनॉक्साइडपासून संरक्षण झाले, असे मुळीच नाही. यंत्रावर मानकाची खूण पाहावी; युरोपीय मानकानुसार कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की सूचक तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे.

न्हाणीघरात कोणी बेशुद्ध पडल्यास प्रथम दार-खिडक्या उघडाव्या, गीझर बंद करावा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आगीसाठी १०१, गॅसच्या गळतीसाठी १९०६. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले. त्यावर या प्रसंगी विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त ते प्राणवायूने भरलेले समजते आणि आकडा उत्तम दाखविते. घरी गीझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शुद्ध प्राणवायू दिला असता या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे एक ते दीड तास लागतो, साध्या हवेत चार ते सहा तास. म्हणजे निदान लवकर होण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

नाताळ व नववर्षाच्या सुट्टीत आपल्या किनाऱ्यावरील खोल्या भरून जातात. पाहुण्यांची मुले थंडीच्या पहाटे गरम पाण्यासाठी न्हाणीघराचे दार आतून लावून घेतात. त्या दाराआड झरोका उघडा आहे काय, हे त्यांनी विचारायचे नसते. ते यजमानाने पाहून ठेवायचे असते. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक किनारी गावाने एवढा एकच ठराव घ्यावा: आपल्या हद्दीत जेथे पैसे घेऊन कोणाला निजविले जाते, त्या प्रत्येक खोलीत सूचक असेल आणि त्या प्रत्येक न्हाणीघराला न मिटणारा झरोका असेल. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.